आखाड लागला की खताचा ड्रम घाण मारतो: तीन पावसाळे घालवून सापडलेलं कारण

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडं हेच चालू आहे त्यांना कळेल की आपला आजार एकच आहे. घरचा ओला कचरा ड्रममध्ये, जानेवारी ते मे सगळं झकास, काळंभोर खत, वास नाही, घरातले पण खुश. जून निम्मा सरला की ड्रम जड व्हायला लागतो, तळातून काळं पाणी गळतं, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की आमच्या टेरेसवरचा ड्रम त्याच्या आधीच धोका पातळी ओलांडून बसलेला असतो. गटाराचा वास, अळ्या, चिलटं, आणि शेजारच्या आण्णांचं सकाळचं पहिलं वाक्य, "काय रं, वर काय मेलंय का?"

श्रावणात जरा कमी, दिवाळीला परत एकदम चांगलं. पुढच्या आखाडात परत तेच. सलग तीन वर्षं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर, वर टेरेस, पाच माणसं, रोजचा ओला कचरा साधारण किलोभर. भंगारातून आणलेले दोन निळे ड्रम, शंभर-शंभर लिटरचे, बाजूनं भोकं पाडलेले, झाकणवाले. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. पद्धतीत काही चूक नाही, कारण उन्हाळ्यात हीच पद्धत चालते, आणि हेच मला तीन वर्षं फसवत होतं.

पहिल्या वर्षी वाटलं पाऊस आत जातोय. पत्र्याचं छप्पर केलं, झाकणावर प्लॅस्टिकचा कागद बांधला, दोरीनं आवळला. चार दिवसांत वास डबल. दुसऱ्या वर्षी एकानं सांगितलं जिवाणू कमी पडतात, कल्चर घाल. बाटली आणली, आणि कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर गूळ आलाच, तांब्याभर गूळपाणी आणि ताक पण ओतलं. आता विचार केला तर हसू येतं, आधीच पाण्यानं फुगलेल्या ड्रममध्ये मी अजून पाणी ओतत होतो आणि वर सडवणाऱ्यांना गोड खायला घालत होतो. आंबूस वास सुटला तो पार जिन्यापर्यंत. तिसऱ्या वर्षी आण्णांनीच चुना दिला, "टाक मूठभर, वास मरतोय." टाकला. नाकाला झोंबणारा, डोळ्यातून पाणी काढणारा वास आला, अगदी बसस्टँडच्या मुतारीसारखा. नंतर समजलं की चुन्यानं ड्रम अल्कलीकडं जातो आणि त्यात अडकून बसलेला नत्र म्हणजे नायट्रोजन अमोनियाचा गॅस होऊन सुटतो. म्हणजे वास तर मरत नाहीच, खतातला कामाचा नत्र पण हवेत जातो. चुना, फिनेल, पावडरी यातलं काहीच टाकू नका, एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलंत तरी बास.

मग यंदा शांतपणे बसून एक साधा हिशेब केला जो पहिल्याच वर्षी करायला पाहिजे होता. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के नुसतं पाणी असतं, काकडी-कलिंगडाची सालं असली तर अजून जास्त. म्हणजे किलोभर कचरा टाकला की पाऊण लिटर पाणी मी स्वतःच्या हातानं आत टाकतोय, महिन्याला बावीस-तेवीस लिटर, झाली की दीड बादली. शिवाय कुजण्याच्या क्रियेतनं पण थोडं पाणी तयार होतं ते वेगळंच. मग उन्हाळ्यात ही दीड बादली जाते कुठं? उडून जाते, वाफ होऊन, बाजूच्या भोकांतनं. आणि आखाडात? ज्या दिवसांत धुतलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्या दिवसांत ड्रम काय वाळणार. पाऊस आत जात नव्हताच, पाणी बाहेर जात नव्हतं. आणि मी त्यावर प्लॅस्टिक बांधून उरलासुरला रस्ता पण बंद करत होतो.

पाण्यानं एवढा काय फरक पडतो? तर कचरा कुजवणारे जिवाणू दोन जातीचे समजा, एक हवेवर जगणारे आणि एक हवेशिवाय जगणारे. हवावाले साल-देठ खाऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतात, यातल्या कशालाच वास नाही. मोठ्या ढिगात मधोमध ५५-६० अंशांपर्यंत तापतं, माझ्या ड्रममध्ये एवढं होत नाही पण हात घातला की कोमट लागतं आणि हिवाळ्यात सकाळी झाकण काढलं की वाफ निघते. या मंडळींना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं साधारण दहा हजार पट सावकाश सरकतो. कचऱ्याच्या मधल्या फटी पाण्यानं भरल्या की ते गुदमरतात आणि दुसरी गँग ताबा घेते. ती आम्लं करते, हायड्रोजन सल्फाइड करते म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथेन करते. जिवाणू दोन्ही जातीचे आपल्या कचऱ्यावर आधीपासून आहेतच, बाटलीतनं विकत आणायची गरज नाही. फार तर जुन्या ड्रममधलं ओंजळभर खत नव्यात टाकायचं, विरजण लावतो तसं.

हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं माझ्या लक्षातच येत नव्हतं कारण ते "नसणं" होतं. फेब्रुवारी-मार्चला गल्लीतल्या झाडांची पानगळ होते, तेव्हा मी रोज ओल्यावर दोन ओंजळी वाळला पाला टाकायचो, फुकटचा, सहज मिळतोय म्हणून. जूनमध्ये पाला संपला, जो खाली पडतोय तो भिजलेला, म्हणून मी टाकायचं बंद केलं आणि ते बंद केलंय हे माझ्या डोक्यातच नाही. आणि नेमक्या त्याच महिन्यात टेंबलाईची जत्रा, गल्लीत पी-ढबाक वाजायला लागलं की आखाडी जेवणं सुरू, घरी पाहुणे, मटण, रस्सा, उरलेला भात, सगळं नत्रानं आणि तेलानं भरलेलं. कोरडं शून्य, ओलं दुप्पट. श्रावणात वास कमी व्हायचा तो काय माझ्या उपायांनी नाही, मटण बंद झाल्यानं. तेव्हा मी कल्चरच्या बाटलीला क्रेडिट देऊन बसलो होतो.

शेतीवाल्यांना कर्ब-नत्राचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं, गुणोत्तर माहीत असतं. कुजायला साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र हे चांगलं बसतं. किचनमधला कचरा १५ ते २० च्या घरात, मांस-मच्छी त्याच्याही खूप खाली, वाळला पाला ५०-६०, लाकडाचा भुस्सा ३०० च्या वर. हे आकडे पाठ करायची गरज नाही. मापानं एक वाटी ओलं तर दोन वाट्या कोरडं, पावसाळ्यात तीन. कोरडं दोन कामं करतं, कर्ब पुरवतं आणि फटी धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात मला तरी दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

आज्जीच्या गावाकडं, राधानगरी तालुक्यात, घरामागं उकिरडा होता. त्या भागात पाऊस आपल्या शहरापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्याला असा गटाराचा वास आल्याचं आठवत नाही. कारण त्यात शेणाबरोबर पाचट, भाताचं पिंजर, चुलीतली राख, झाडलोटीची माती असं काय काय पडायचं. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ च्या दरम्यान इंदूरला जी कंपोस्टची पद्धत बसवली, जिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात, तिचा पाया हाच आहे, काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर आणि मधून मधून पलटणं. आणि त्यात पावसाळ्यासाठी वेगळी सूचना होती, खड्डा करू नका, पाणी साठतं, जमिनीवर ढीग करा. शंभर वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलंय ते मी चुना टाकून शिकलो.

आता दुरुस्ती. ड्रम आत्ता वास मारत असेल तर त्यात वरनं काहीतरी टाकून उपयोग नाही, तळाचा चिखल तसाच राहतो. नाकाला फडकं बांधा, ताडपत्री पसरा आणि ड्रम उलटा करा. (हे काम रविवारी सकाळी करू नका, सगळी गल्ली घरी असते. मी केलं.) तळाची भोकं बघा, नव्वद टक्के वेळा ती बुजलेली असतात, सायकलच्या तारेनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं मोकळी करा. ड्रम दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाईल आणि पाणी गळेल, खाली जुनी परात ठेवा. ते काळं पाणी झाडांना घालायचं तर दहापट साध्या पाण्यात मिसळून, आणि वास मारणारं असेल तर घालूच नका, मुळं खराब होतात.

मग तळाला चार बोटं जाड, भरड काहीतरी, नारळाच्या शेंड्या नाहीतर काटक्या. वर चिखल आणि कोरडं मिसळून भरा, जेवढा चिखल तेवढं तरी कोरडं. मुठीत घेऊन दाबायचं, लाडवासारखा गोळा झाला पाहिजे आणि बोटांच्या फटीतनं एखाद-दुसरा थेंब आला तर चालतो. धार लागली तर अजून कोरडं घाला, गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काठीनं खालवर करायचं. माझा वास दोन दिवसांत निम्मा झाला आणि आठवड्यात गेला, आण्णांनी विचारायचं बंद केलं तेव्हा कळलं.

कोरडं कुठनं आणायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्यात कोल्हापूर जगात भारी, कारण सगळीकडं मिळतंय. भात गिरणीत तूस म्हणजे भाताची वरची सालं मिळतात, कोंडा नाही, कोंडा जनावरांच्या खाण्यात जातो, तूस मागायचं. तूस कुजायला वेळ लावतं पण फटी काय मस्त धरतं, पावसाळ्यात माझा पहिला नंबर तुसाला. शेंगांची फोलपटं पण तशीच. रसवंतीवरची चिपाडं बारीक करून टाकता येतात पण ती आधी कडकडीत वाळवायची, ओली टाकलीत तर राहिलेल्या साखरेनं चिलटांची जत्रा भरते. वखारीतला भुस्सा चालतो, फक्त एकदम बारीक असला तर दाबून बसतो आणि हवाच जात नाही, म्हणून तुसात मिसळून. प्लायवूडचा भुस्सा नको, त्यात डिंकाची केमिकलं असतात. काहीच नसेल तर वर्तमानपत्र फाडून, चकचकीत पुरवणी सोडून. आणि हे सगळं मे महिन्यातच भरून ठेवायचं, खताच्या रिकाम्या पोत्यात, तोंड बांधून, जिन्याखाली. माझं भुश्श्याचं पोतं टेरेसवर उघडं होतं, हवेतलं पाणी पिऊन ते स्वतःच ओलं झालं होतं.

वासावरनं निदान करायचं तर साधं आहे. आंबट, ताडीसारखा वास म्हणजे नुकतीच हवा कमी पडायला लागलीय, ढवळा. सडकं अंडं नाहीतर गटार म्हणजे पाणी तुंबलंय, ड्रम उलटा करावाच लागेल. डोळ्याला झोंबणारा अमोनिया म्हणजे नत्र जास्त, कोरडं वाढवा. आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर झालं काम, तो वास जिओस्मिनचा, मातीतले अॅक्टिनोमायसिटीस जिवाणू तो तयार करतात, म्हणजे खत मुरलंय.

अळ्यांबद्दल फार घाबरायला होतं म्हणून वेगळं लिहितोय. गावाकडचे मामा आले होते, झाकण उघडून म्हणाले, "हुमणी लागली तुझ्या खताला, कुंड्यास्नी घालू नगंस." ऊसवाल्या माणसाला अळी दिसली की हुमणीच आठवणार. पण हुमणी पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, डोकं तपकिरी आणि पुढं पायांच्या तीन जोड्या. माझ्या ड्रममध्ये होत्या त्या चपट्या, करड्या, बिनपायाच्या आणि जाड कातडीच्या, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ही माशी घरमाशीसारखी आपल्या जेवणावर बसत नाही आणि तिच्या अळ्या भात-भाजी-मटण जे असेल ते झपाट्यानं संपवतात. त्यांना मारू नका, ड्रम कोरडा झाला की आपोआप कमी होतात. बारीक पांढऱ्या वळवळणाऱ्या दिसल्या तर त्या घरमाशीच्या, मग मात्र उरलेलं अन्न उघडं पडतंय, त्यावर चार बोटं कोरड्याचा थर द्या. हाडं आणि तेलकट रस्सा मी आता टाकतच नाही, वासापेक्षा घुशींमुळं.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, कचऱ्याचा टिपर येतोय दारात, द्यायचं त्यात. माझंही दुसऱ्या वर्षी हेच झालं होतं, महिनाभर सगळं एकाच पिशवीत गाठ मारून टिपरमध्ये टाकलं. पण माझ्या ड्रमला जो आजार झाला होता तोच आजार कचऱ्याच्या डोंगराला असतो. कसबा बावड्याच्या झूम म्हणजे शहराच्या कचरा प्रकल्पावरचा ढीग आपल्याला कोल्हापूरकरांना सगळ्यांना माहिताय. आत हवा नाही, ओलं पाणी अडकलेलं, प्रत्येक केळ्याची साल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. ती साल माझ्या ड्रममध्ये महिन्याभरात दिसत नाही, ढिगाच्या पोटात मात्र वर्षानुवर्षं सावकाश सडते आणि मिथेन सोडते, जो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो. तोच गॅस पेटतो पण, जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनारला लागलेली आग आठवत असेल.

कचरा मातीत गाडला की कुजतो हा एक मोठा गैरसमज आहे. अॅरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथ्जे म्हणून पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९७३ मध्ये लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला, आणि पुढं कचराडेपो खणून बघितले तर कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली, तारखेसकट वाचता येणारी. कागद! जो माझ्या ड्रममध्ये दोन महिने टिकत नाही.

म्हणून वेगवेगळं ठेवायचं कारण माझ्या लेखी असं आहे, ओलं सुक्याला बिघडवतं आणि सुकं ओल्याला. आमटी लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, त्याच्याकडनं पुढं कागदाच्या कारखान्यात जाणारा माल तिथंच मेला. कोरडा कागद मिळाला तर त्याचे धागे पाच-सात वेळा परत वापरता येतात, प्रत्येक खेपेला ते आखूड होत जातात म्हणून नंतर संपतात. काच आणि अॅल्युमिनियमला ती पण मर्यादा नाही, आणि अॅल्युमिनियम परत वितळवायला खनिजापासून नवं करण्याच्या मानानं ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो बारका तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी धुवून खिडकीला अडकवली की वाळते, पावसाळ्यात दोन दिवस लागतात, लागू देत. कुरकुऱ्या-वेफर्सची चमकणारी पाकिटं मात्र प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटवलेली असतात, ती भंगारवाला पण घेत नाही. डायपर, सॅनिटरी पॅड वेगळे बांधायचे. सेल, औषधं हे तिसरं, ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते.

प्लॅस्टिकची पिशवी अमुक शे वर्षांत कुजते असे आकडे फिरत असतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पॉलिथिन सापडलंच १९३३ मध्ये, अजून त्याची शंभरी पण झालेली नाही, मग साडेचारशे वर्षं बघितली कुणी? एवढं नक्की की ते उन्हानं ठिसूळ होतं आणि तुकडे होत जातात, नाहीसं होत नाही. माझ्या खतात आंब्याच्या सालीवरचे स्टिकर तीन वर्षांनी जसेच्या तसे निघालेत, नंबर वाचता येतोय. आणि "कंपोस्टेबल" लिहिलेली हिरवी पिशवी हौसेनं टाकली होती ती पण पाच महिन्यांनी अख्खी निघाली. नंतर कळलं की त्या पिशव्यांना मोठ्या प्लांटमधली ५८-६० अंशांची सलग उष्णता लागते, घरच्या कोमट ड्रममध्ये त्या नुसत्या झोपून राहतात.

यंदाचा आखाड तुसाच्या चार पोत्यांवर निघाला. एकदाच, पाहुणे गेल्यावर, आंबट वास आला होता, ढवळलं, दोन तगारी तूस ओतलं, दुसऱ्या दिवशी गेला. दिवाळीआधी खत चाळलं, चाळणीवर अंड्याची टरफलं, आंब्याच्या कोयी आणि दोन वर्षांपूर्वीची एक नारळाची करवंटी उरली, कडेनं जराशी मऊ झालेली. आण्णा म्हणाले, "ही कवा कुजायची?" बघू म्हटलं, आणि परत ड्रममध्ये टाकली.